प्रकल्प नोंदी : ‘उए ओ मुइते अरुको’ आणि त्याचे १९८१चे इंग्रजी रूप

५ मे

आमच्या श्रवणमंडळाच्या पुढच्या सत्रात एकाच चालीची दोन ध्वनिमुद्रणे शेजारी शेजारी ठेवून ऐकवायची, असे ठरले असून निवड आणि निवेदन ही दोन्ही कामे माझ्याकडे आली आहेत. पहिले ध्वनिमुद्रण साकामोतो क्यू या गायकाचे ‘उए ओ मुइते अरुको’ (‘वर पाहत चालू या’) हे गीत. त्याची तबकडी जपानमध्ये १५ ऑक्टोबर १९६१ रोजी तोशिबाने काढली. दुसरे ध्वनिमुद्रण ‘अ टेस्ट ऑफ हनी’ या अमेरिकन जोडीचे ‘सुकियाकी’. ते १९८०च्या ‘ट्वाइस अ‍ॅज स्वीट’ या अल्बममध्ये आले आणि १९८१मध्ये स्वतंत्र तबकडी म्हणून गाजले. अमेरिकेत या दोन्ही तबकड्या कॅपिटल कंपनीनेच काढल्या, अठरा वर्षांच्या अंतराने.

मंडळातले बहुतेक श्रोते हिंदुस्थानी संगीत आणि भावगीतांवर वाढलेले आहेत, जपानी कोणालाच येत नाही, आणि १९८१च्या अमेरिकन गाण्यांशीही बहुतेकांचा संबंध आलेला नाही. त्यामुळे दोन्ही गाणी त्यांच्यासाठी सारखीच नवी असतील, आणि ‘मूळ ते श्रेष्ठ’ हा आपला ठरलेला निकाल ऐकण्याआधीच लागणार नाही, अशी आशा आहे.

९ मे

आज मूळ गीताच्या तीन कर्त्यांविषयीची टिपणे पूर्ण केली. शब्द एई रोकुसुके यांचे, चाल नाकामुरा हाचिदाई यांची आणि आवाज साकामोतो क्यू यांचा. या तिघांच्या नावांत जपानी अंकांपैकी सहा, आठ आणि नऊ हे अंक येतात, म्हणून जपानमध्ये या त्रयीला ‘सहा-आठ-नऊ’ असेच म्हटले जाते. साकामोतो हे आईवडिलांचे नववे अपत्य, म्हणून त्यांच्या नावात नऊ.

आपल्या कामाच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे या तिघांची सांगीतिक घडण. नाकामुरा यांचा जन्म १९३१ साली चीनमधील चिंगदाओचा. ते मुळात जॅझ पियानोवादक, आणि १९५०च्या दशकात ‘बिग फोर’ या जपानी जॅझ चौकडीतून नावारूपाला आलेले. साकामोतो यांचा जन्म १९४१चा, कावासाकीचा. ते विशीत येण्याआधीपासूनच एल्व्हिस प्रेस्लीच्या प्रभावाखाली रॉकाबिली, म्हणजे रॉक अँड रोल आणि अमेरिकन कंट्री संगीत यांच्या मिश्रणातली गाणी, गात होते आणि पुढे ‘पॅराडाइज किंग’ या वाद्यवृंदाबरोबर गाऊ लागले. एई आणि नाकामुरा यांनी त्याआधी १९५९ साली ‘कुरोई हानाबिरा’ हे गीत केले होते आणि त्याला जपान रेकॉर्ड पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी मुख्य पुरस्कार मिळाला होता. म्हणजे या चालीमागे जॅझ आहे, आवाजात अमेरिकन रॉकाबिली आहे आणि साथीतली वाद्येही पाश्चात्त्यच आहेत. परंपरागत जपानी संगीताचे एकही वाद्य या ध्वनिमुद्रणात नाही, याची ठळक नोंद करून ठेवतो, कारण दुसऱ्या ध्वनिमुद्रणाकडे वळताना तिची गरज पडणार आहे.

गीत प्रथम गायले गेले ते २१ जुलै १९६१ रोजी तोक्योतील सांकेई हॉलमध्ये झालेल्या नाकामुरा यांच्या कार्यक्रमात. त्यानंतर एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ‘युमे दे आइमाशो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून ते घरोघरी पोहोचले. दुसऱ्या वर्षी निक्कात्सु या चित्रसंस्थेने त्याच नावाचा चित्रपटही काढला. गाणे आधी आणि चित्रपट मागाहून, हा क्रम आपल्याकडच्या श्रोत्यांना मुद्दाम सांगावा लागेल.

१० मे

गीताच्या जन्माची पार्श्वभूमी. १९६० साली अमेरिका-जपान सुरक्षा कराराच्या विरोधात जपानमध्ये प्रचंड आंदोलन झाले. १५ जूनला संसदेच्या आवारातील झटापटीत कांबा मिचिको ही तोक्यो विद्यापीठाची विद्यार्थिनी मृत्युमुखी पडली, आणि तरीही चार दिवसांनी करार आपोआप मंजूर झाला. एई स्वतः या आंदोलनात होते. निदर्शनांहून परतताना वाटलेल्या पराभवातून हे शब्द सुचले, असे या गीताविषयी सांगितले जाते. गीतात मात्र कराराचा, मोर्चाचा, पोलिसांचा उल्लेखही नाही. डोळ्यांतले पाणी ओघळू नये म्हणून मान वर करून चालत राहणारा एक एकटा माणूस तेवढा आहे. पुढे १९६३ साली हे गाणे लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकन यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, त्या आठवड्याची तारीखही १५ जूनच होती. हा निव्वळ योगायोग आहे आणि निवेदनात मी त्याचे भांडवल करणार नाही. पण ज्या देशाशी झालेल्या कराराविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या कवीचे हे शब्द, त्याच देशाने तीन वर्षांनी ते डोक्यावर घ्यावेत, हे सांगितल्याशिवाय राहवणारही नाही.

१४ मे

आजचा दिवस केवळ मूळ ध्वनिमुद्रण ऐकण्यात गेला. गाणे सुमारे तीन मिनिटांचे आहे. ठेका झुलता, चालण्याच्या गतीचा. दुःखाच्या गाण्याला आपण जी विलंबित लय गृहीत धरतो तिचा येथे मागमूस नाही. लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचे टपटपणारे सूर साथीत आहेत आणि ते ऐकताना कोणी तरी ठरावीक वेगाने पावले टाकत असल्याचा भास होतो.

साकामोतो यांचा उच्चार हा या ध्वनिमुद्रणाचा गाभा आहे. ‘उए ओ’ हे सरळ स्वर ते सरळ लावत नाहीत. मध्येच श्वासाचा एक बारीक हकार घालून ‘उ-हे-हो’ असे तोडतात, आणि ‘अरुको’मधला शेवटचा दीर्घ ओकार ‘को-हो-हो-हो’ असा पायऱ्या उतरल्यासारखा खाली आणतात. ही रॉकाबिलीतली उचकी आहे. स्वतःच्या शब्दांची अशी मोडतोड ऐकून एई सुरुवातीला नाराज झाले होते, ही हकीकत जपानमध्ये प्रसिद्ध आहे. कवीची नाराजी मला समजू शकते. मात्र हेडफोन लावून तीच ओळ पुन्हा पुन्हा ऐकल्यावर असे वाटते की, हुंदका दाबून बोलणाऱ्या माणसाचा आवाजही असाच तुटतो. गायकाने ते हेतुपुरस्सर केले असो वा सवयीने, शब्दांत लपवलेले रडू उच्चारातून बाहेर डोकावते. आणि ज्याला हे ऐकू येत नाही त्याला गाणे अगदी आनंदी वाटते, हेही तितकेच खरे.

शिळेची जागाही टिपून ठेवली आहे. उत्तरार्धात कडव्याची सुरुवात शब्दांऐवजी शिळेवर येते आणि मग गायक शरद ऋतूतल्या दिवसाच्या आठवणीपाशी पुन्हा शब्दांत शिरतो. पहिल्या कडव्यात वसंत, दुसऱ्यात ग्रीष्म आणि येथे शरद. हिवाळा गीतात येतच नाही. एकटेपणाची रात्र मात्र प्रत्येक कडव्याच्या शेवटी ठरलेली आहे.

१७ मे

मंडळासाठी सरगम लिहिण्यास घेतली. पहिली ओळ ‘सा सा रे ग सा ध प’ अशी जाते, शेवटचे धैवत-पंचम मंद्रातले. कडव्यांची चाल प्रामुख्याने सा रे ग प ध या पाच स्वरांवर उभी आहे, मध्यम आणि निषाद बाजूला ठेवून. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शालेय गीतांत आणि पुढे लोकप्रिय संगीतात हे पंचस्वरी सप्तक रुळलेले आहे. आपल्या श्रोत्यांच्या कानाला हे स्वर भूप रागाचे वाटतील आणि तसे ते म्हणतीलही. तेव्हा स्वर तेच असले तरी येथे राग नाही, वादी-संवादी नाही, आणि चाल पाश्चात्त्य कॉर्डांच्या, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या, आधाराने पुढे सरकते, हे आधीच स्पष्ट करावे लागेल.

मधल्या भागात, सुख ढगांच्या वर आहे, सुख आकाशाच्या वर आहे, अशा अर्थाच्या दोन ओळी येतात. पहिल्या ओळीखाली मध्यमावरचा मेजर कॉर्ड आहे, तर दुसरीखाली तोच कॉर्ड मायनर होतो, म्हणजे साथीत कोमल धैवत शिरतो. वाक्य जवळजवळ तेच, शब्द ‘सुख’ हाच, आणि खालचा रंग एकदम काळवंडतो. संपूर्ण गाण्यात संगीतकाराने दुःखाची उघड कबुली दिली आहे ती या एका ठिकाणी. सत्रात या दोन ओळी सुट्या काढून, आधी पेटीवर आणि मग ध्वनिमुद्रणातून ऐकवायच्या आहेत.

२२ मे

गीत जपानबाहेर कसे गेले, याचा तपशील. १९६२ साली ब्रिटनच्या पाय रेकॉर्ड्सचे लुई बेंजामिन जपानला गेले असताना त्यांनी ही चाल ऐकली आणि परतल्यावर केनी बॉल यांच्या जॅझ वाद्यवृंदाकडून तिचे केवळ वाद्यांवरचे ध्वनिमुद्रण करून घेतले. मूळ नाव निवेदकांच्या जिभेवर बसणार नाही, या धास्तीने त्यांनी तिला ‘सुकियाकी’ हे एका जपानी पदार्थाचे नाव दिले. हे ध्वनिमुद्रण १९६३च्या सुरुवातीला ब्रिटिश यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. मांस आणि भाज्या एकत्र शिजवलेल्या त्या पदार्थाचा गीताशी काडीचाही संबंध नाही. ‘मून रिव्हर’ हे अमेरिकन गाणे जपानमध्ये ‘बीफ स्ट्यू’ या नावाने विकण्यातला हा प्रकार आहे, अशी टिप्पणी तेव्हा ‘न्यूजवीक’मध्ये आली होती, तिच्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील पॅस्को या गावच्या केओआरडी केंद्रावरील रिच ऑस्बर्न या निवेदकाने साकामोतो यांचे मूळ जपानी ध्वनिमुद्रण वाजवायला सुरुवात केली. श्रोत्यांकडून मागणी वाढत गेली, कॅपिटलने तबकडी काढली, आणि १५ जून १९६३ पासून सलग तीन आठवडे ती ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या मुख्य यादीत अग्रस्थानी राहिली. ब्रिटनमध्येही ती सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. अमेरिकन यादीच्या शिखरावर गेलेले जपानी भाषेतले दुसरे गाणे आजवर झालेले नाही. ऑगस्टमध्ये साकामोतो स्टीव्ह अ‍ॅलनच्या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमात गाऊन आले. त्यांची पुढची तबकडी मात्र त्याच वर्षी अठ्ठावन्नाव्या क्रमांकावर अडली, आणि अमेरिकेपुरती त्यांची ओळख या एका गाण्यावरच थांबली.

३० मे

कव्हरवरची, म्हणजे जुने गाणे दुसऱ्या कलावंतांनी नव्याने गायले त्या रूपावरची, मुख्य नोंद.

जॅनिस मरी जॉन्सन (बेस गिटार) आणि हेझल पेन (गिटार) या दोघींची ‘अ टेस्ट ऑफ हनी’ ही जोडी १९७८ साली ‘बूगी ऊगी ऊगी’ या डिस्को गाण्याने पहिल्या क्रमांकावर गेली होती आणि त्या वर्षीच्या नवोदितांसाठीचे ग्रॅमी पारितोषिकही तिला मिळाले होते. १९८०पर्यंत डिस्कोची लाट ओसरली होती. अशा वेळी, जिच्याकडून सर्वांना नाचाच्या ठेक्याची अपेक्षा होती त्या जोडीने एक जुने जपानी गाणे संथ लयीत गावे, हा धाडसाचाच निर्णय म्हटला पाहिजे. निर्मिती जॉर्ज ड्यूक यांची. तेही मुळात जॅझमधले.

इंग्रजी शब्द जॉन्सन यांनी स्वतः लिहिले. मूळ शब्दांचे अर्थ त्यांनी मिळवले, तेव्हा त्यांच्यापुढे तीन अन्वयार्थ आले: वधस्तंभाकडे निघालेला माणूस, संकटातही उमेद न सोडणारा माणूस आणि प्रेम तुटलेला माणूस. त्यांनी तिसरा निवडला. गाणे आकाशवाणीवर चालायचे तर ही निवड व्यवहाराला धरूनच होती.

दोन्ही गीतांचे आशय आज ओळीनुसार समोरासमोर मांडून पाहिले, तेव्हा वाटले होते त्याहून अधिक अंतर दिसले. मूळ गीतात ‘तू’ नाही. खरे तर ‘मी’ही नाही, जपानी वाक्यरचनेला कर्ता सांगावा लागत नाही, आणि एई यांनी ती सवलत पुरेपूर वापरली आहे. कोण रडते, कोणासाठी रडते, काय हरवले, यातले काहीच कळत नाही. जॉन्सन यांच्या गीतात मात्र पहिल्याच ओळीत ‘तुझ्यामुळे’ येते आणि मग सारे गीत त्या निघून गेलेल्या ‘तू’ला उद्देशून चालते. अश्रू, एकटेपण आणि आकाश हे तीन धागे तेवढे शिल्लक आहेत. चालणे नाही, वर पाहणे नाही, ऋतूही नाहीत. मूळ गीतातला माणूस अश्रू लपवतो, तर या गीतातली स्त्री ते सांगते, आणि ज्याने पुसायचे तो येथे नाही याची तक्रारही करते.

चालीचे स्वर जवळजवळ तसेच ठेवले असूनही लय उतरल्यामुळे त्यांचा स्वभाव पालटला आहे. मूळ गाण्यात झरकन निसटणाऱ्या जागा येथे लांबवल्या आहेत, साकामोतोंची उचकी गेली आहे आणि तिच्या जागी मऊ, मिसळलेले दोन स्त्रीस्वर आहेत. शिळेला येथे जागा उरलेली नाही. या लयीत ती शोभलीही नसती. हे गाणे बिलबोर्डच्या मुख्य यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत आणि सोल संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकापर्यंत गेले. जॉन्सन यांनी मूळ गीत ‘बिघडवले’ हा आक्षेप मला पटत नाही. त्यांनी चाल घेऊन दुसरे गाणे लिहिले, आणि विरहगीत म्हणून ते स्वतःच्या पायावर उभे आहे. मात्र मूळ गाण्याचे वेगळेपण ज्या विसंगतीत होते, म्हणजे हसऱ्या चालीत दडलेले रडू, ती येथे उरलेली नाही. दुःखाला दुःखाचीच लय मिळाली की गाणे समजायला सोपे होते.

२ जून

पुढची वंशावळ. १९८५च्या ‘ला दी दा दी’मध्ये रॅपर स्लिक रिक याने गुणगुणलेला तुकडा, सेलेना या गायिकेचे स्पॅनिश ‘सुकियाकी’ आणि बाल्टिमोरच्या ‘फोर पी.एम.’ या गायकचमूचे १९९५ साली आठव्या क्रमांकावर गेलेले गाणे, या तिन्हींचा उगम एई यांच्या शब्दांत नसून जॉन्सन यांच्या शब्दांत आहे. जपानबाहेरच्या एका पिढीसाठी कव्हर हेच मूळ ठरले. यातले एखादे वाजवायचे झाल्यास ‘फोर पी.एम.’चे घ्यावे.

८ जून

आता ९ मेच्या नोंदीतला, मूळ ध्वनिमुद्रणात परंपरागत जपानी वाद्य नसल्याचा मुद्दा. ‘अ टेस्ट ऑफ हनी’चे गाणे कोतोच्या झंकाराने सुरू होते. कोतो हे तेरा तारांचे, आडवे ठेवून नखी लावून वाजवायचे जपानी वाद्य, आणि येथे ते वाजवले आहे जून कुरामोतो यांनी. त्या जन्माने जपानी, पण लॉस एंजेलिसमध्ये वाढलेल्या. तेथल्याच जपानी-अमेरिकन कलावंतांच्या ‘हिरोशिमा’ या वाद्यवृंदात कोतो आणि जॅझ-फंक यांचा मेळ घालणाऱ्या. वादन संयत आहे, गायिकांच्या वाक्यांमधल्या मोकळ्या जागा ते नेमक्या भरते, आणि केवळ शोभेचे म्हणून बाजूला काढावे असे नाही.

पण हिशेब कसा उलटा झाला आहे, हे पाहण्यासारखे आहे. १९६१ साली तोक्योत जपानी माणसांनी जपानी भाषेत केलेल्या गाण्याचा ध्वनी अमेरिकेकडे तोंड करून होता. १९८१मध्ये अमेरिकेत इंग्रजीतून गायलेल्या गाण्याने पहिल्याच क्षणी आपण जपानचे असल्याचे जाहीर केले. मूळ गाण्याला जपानी असल्याची खूण लावायची गरज नव्हती. कव्हरने भाषा काढून घेतली, विषय बदलला, आणि जे वाद्य मुळात नव्हतेच ते आणून जपानशी असलेले नाते राखले. माझ्या मते या सत्राचा कणा हाच आहे.

याला पूरक म्हणून आणखी एक ध्वनिमुद्रण हाती आले आहे. साधारण त्याच सुमारास, १९८०च्या आगेमागे, जपानमध्ये इमावानो कियोशिरो यांचा ‘आरसी सक्सेशन’ हा रॉक वाद्यवृंद हेच गीत मूळ शब्दांत, विजेच्या गिटारींवर, खणखणीत रॉक अँड रोल म्हणून गात होता. म्हणजे जपानी कव्हर या चालीला तिच्या अमेरिकन मुळाकडे ओढत होते आणि अमेरिकन कव्हर तिला जपानकडे. दोन्हींचा प्रत्येकी एक मिनिटाचा तुकडा लागोपाठ वाजवला, तर निवेदनाचे निम्मे काम आपोआप होईल.

१५ जून

पत्रिकेत गीताचे शब्द छापायचे नाहीत, असा निर्णय घेतला. नाकामुरा यांचे निधन १९९२चे आणि एई यांचे २०१६चे, तेव्हा गीत आणि चाल दोन्ही हक्काखाली आहेत. मराठी सारांश मी माझ्या शब्दांत देणार असून त्यात यमके जुळवण्याचा मोह टाळला आहे. जपानी शिकवणाऱ्या एका ताईंकडून सारांश तपासून घेतला. मी लिहिलेला ‘तो’ त्यांनी प्रत्येक ठिकाणी खोडला. त्यामुळे मराठी वाक्ये आता क्रियापदांवर उभी आहेत आणि अधिक बरी झाली आहेत.

२१ जून

साकामोतो यांच्या मृत्यूविषयी किती बोलावे, यावर विचार केला. १२ ऑगस्ट १९८५ रोजी हानेदाहून ओसाकाला निघालेले जपान एअरलाइन्सचे १२३ क्रमांकाचे विमान गुन्मा प्रांतातील डोंगरात कोसळून ५२० जणांचा मृत्यू झाला. त्यांत त्रेचाळीस वर्षांचे साकामोतो होते. ही माहिती आधी सांगितली, तर श्रोते गाण्यात तिचीच चाहूल शोधू लागतील, आणि १९६१ साली हसऱ्या चेहऱ्याच्या, वीसही पूर्ण न झालेल्या एका मुलाने हे गायले होते, ही वस्तुस्थिती झाकली जाईल. म्हणून मूळ गाणे पूर्ण ऐकवून झाल्यावरच हा उल्लेख एका वाक्यात येईल. २०११च्या भूकंप-त्सुनामीनंतर सन्तोरी कंपनीने अनेक कलावंतांकडून एकेक ओळ गाऊन घेऊन या गीताची जाहिरात दाखवली होती. तिचा उल्लेख त्याला जोडून करता येईल. आंदोलनातल्या पराभवाचे, तुटलेल्या प्रेमाचे आणि राष्ट्रीय आपत्तीचे गाणे एकच असू शकते, ते त्यात कर्ता आणि कारण सांगितलेले नाही म्हणून. जॉन्सन यांचे गीत त्या प्रसंगी गाता आले नसते.

२८ जून

क्रम निश्चित केला. आरंभ केनी बॉल यांच्या वाद्य-आवृत्तीने, म्हणजे शब्दांच्या आधी चाल कानावर पडेल. त्यानंतर कोणतेही निवेदन न करता मूळ गाणे पूर्ण, मग गाण्याची जन्मकथा, पेटीवर मधल्या भागातल्या ‘सुखा’च्या त्या दोन ओळी आणि मूळ गाणे दुसऱ्यांदा. १९८१चे गाणे मध्यंतरानंतर. त्याआधी कोतोचा उल्लेख करायचा नाही, श्रोत्यांनीच ते ओळखावे. ‘आरसी सक्सेशन’चा तुकडा त्याच्या लगेच पुढे. ‘फोर पी.एम.’ वेळ उरल्यासच. आवाजाची पातळी दोन्ही मुख्य ध्वनिमुद्रणांसाठी सारखी करून घेतली आहे, कारण १९६१ची तबकडी नव्या मुद्रणाशेजारी दबलेली वाटते आणि मोठा आवाज आपल्या कानाला उगाचच चांगला वाटतो. संचिका आणि मराठी सारांश आज संयोजकांकडे पाठवले.